झिंग्याचे बारसे

दिवाळीच्या अंकात फराळाविषयी लिहावे, दिव्यांविषयी लिहावे, फार तर तेलातुपाच्या महागाईविषयी लिहावे; झिंग्याविषयी लिहू नये, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. तो मोडल्याबद्दल माझ्या शाकाहारी वाचकांची मी आधीच क्षमा मागतो. त्यांना दिलासा म्हणून एवढेच सांगतो की, या लेखातला झिंगा कोणी खात नाही. तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. फार तर करंगळीच्या पेराएवढा. पण त्याच्यापायी गेल्या भाऊबीजेला आमच्या ताईच्या घरी जे रामायण झाले, ते या पानावर सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

ताईला केळापूरला दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याला नाव केळापूरचे, पण कचेऱ्या, बाजारपेठ आणि मोटारींचा थांबा सारे शेजारच्या पांढरकवड्याला. केळापूरच्या वाट्याला जगदंबेचे देऊळ आणि थोडीशी शांतता तेवढी आली आहे. नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता या बाजूनेच जातो. दिवाळीच्या सुमारास काळ्या रानात कापूस फुटलेला असतो. आणि समुद्र म्हणाल, तर पूर्वेचा घ्या की पश्चिमेचा, पाचशे किलोमीटरांच्या आत कुठलाच नाही. अशा गावी समुद्रातल्या झिंग्यावरून घरात दोन तट पडतील असे कोणाला वाटेल?

मी पोचलो तेव्हा भाची अंगणात पाटावर बसून आमटीच्या वाटीत भिंगातून पाहत होती. नागपूरला राहून ती प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेली. वाटीत आमटी नव्हती; खुनी नदीच्या काठच्या डबक्यातले गढूळ पाणी होते. (नदीचे नाव असे भयंकर असले तरी ती बिचारी आठ महिने अगदी गरिबासारखी वाहते.)

"या मामाजी, पहा," भाचीने भिंग माझ्या हाती दिले.

पाण्यात मोहरीएवढे ठिपके तुरुतुरु पळत होते. भिंगातून पाहिले तर मुगाच्या दाण्यासारखे काहीतरी. दोन टरफले मिटलेली, आणि फटीतून केसांसारखे पाय बाहेर काढून ते आपले वल्हवीत चाललेले.

"शिंपल्याचं पिल्लू दिसतं," मी ज्ञान पाजळले.

"नाही मामाजी. शिंपल्याला असे पाय कुठले? हा झिंग्याचा आणि खेकड्याचा लांबचा भाऊबंद. अंगरखा तेवढा शिंपल्याचा घातला आहे."

"पाहिलंस नं?" ताई ओसरीवरून म्हणाली. "सोन्यासारखी पोरगी, आणि भाऊबीजेच्या दिवशी डबकी ढवळून राहिली. आता तूच काय ते सांग बाप्पा तिला."

सांगायचे ते असे. भाचीला एका संस्थेचे पत्र आले होते. लक्षद्वीपच्या बाजूला पोवळ्यांच्या खडकांत राहणारे लहान लहान झिंगे गोळा करून त्यांच्या जाती लावण्याचे काम. मुदत दोन वर्षांची. आणि त्याच आठवड्यात नागपूरचे एक स्थळही सांगून आले होते. मुलगा बँकेत अधिकारी, स्वतःचे घर, एकुलता एक. त्यांना माघातला मुहूर्त हवा होता. भाऊजी निवृत्त हेडमास्तर. मुलींनी शिकावे या मताचे. पण त्यांचेही मत झिंग्यापाशी येऊन अडले होते.

"शिकू नको असं मी कधी म्हटलं?" ते मला म्हणाले. "पण एवढं शिकून झिंगे मोजायचे? सरकारने तरी झिंग्यांची शिरगणती काऊन करावी? त्यांना काय मत द्यायचं आहे?"

त्या दिवशी जेवणे झाल्यावर भाचीने मला जे समजावून सांगितले, आणि परत आल्यावर मी जे वाचले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो. भाऊजींसारखा प्रश्न पडणारे माझ्या वाचकांतही पुष्कळ असतील.

आपण या प्राण्यांना नावे ठेवली ती सगळी चुलीपाशी बसून. मोठी ती कोळंबी, त्याहून लहान ती करंदी, अगदी चुरा तो जवळा. आणि विदर्भातल्या आठवडी बाजारात वाळवून विकायला येतात ते झिंगे. आकार आणि चव ही आपली मोजमापे. पण पोवळ्यांच्या खडकात शिरले की ही मोजमापे लंगडी पडतात. पोवळे म्हणजे अंगठीतला खडा एवढेच आपल्याला ठाऊक. खरे पाहता पोवळी म्हणजे अतिशय लहान प्राण्यांच्या वसाहती. त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांवर सांगाडे चढून समुद्रात मैलोगणती खडक तयार होतात, आणि त्या खडकांच्या कपारीत मुंबईच्या चाळींना लाजवील अशी दाटी असते. आपल्या महाराष्ट्रालाही हे वैभव थोडे लाभले आहे. मालवणच्या किनाऱ्याला पोवळी आहेत. तिथला समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून राखून ठेवला गेला. आणि विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत, खोल समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक. हे कान्होजी आंग्र्यांचे नाव. तिथेही पोवळ्यांची वस्ती आहे.

या चाळीतले बिऱ्हाडकरू पाहा. एक झिंगा माशांचे तोंड साफ करतो. मोठा मासा त्याच्यापुढे आ वासून उभा राहतो, आणि हा पठ्ठ्या खुशाल त्याच्या जबड्यात शिरून दातांतले किडूकमिडूक काढून खातो. मासा त्याला गिळत नाही. गिऱ्हाईक आणि न्हावी यांच्यामधला विश्वास तो. दुसरा एक झिंगा वाळूत बीळ खणतो, पण त्याला डोळ्यांनी बेताचेच दिसते. म्हणून तो एका लहान माशाला बिऱ्हाडात घेतो. मासा दारात राखण करतो, झिंगा घर झाडतो, आणि बाहेर पडताना आपली मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवतो. माशाने शेपूट हलवली की दोघेही आत! तिसरा आहे तो बार काढणारा. त्याची एक नांगी भलतीच मोठी. ती तो इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटताना जो धक्का बसतो त्याने समोरचे भक्ष्य गारठते. आवाज होतो तो नांगीचा नव्हे, बुडबुड्याचा, हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे झिंगे हजारोंनी एके ठिकाणी राहतात तेव्हा समुद्रात लाह्या फुटल्यासारखा कडकडाट चालू असतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांना या कडकडाटाने भंडावून सोडले होते. बोटाएवढ्या प्राण्याने आरमाराला जेरीस आणावे, ही गोष्ट भाऊजींनाही आवडली. पण कबूल करायला ते हेडमास्तर होते.

"बरं, असतील तुझे झिंगे हुशार," ते म्हणाले. "पण नवी जात म्हणजे काय? ती काय काल जन्मली?"

प्रश्न रास्त होता. नवी जात म्हणजे नव्याने जन्मलेली नव्हे. ती तिथे लाखो वर्षे नांदत असते. तिची आपल्या वहीत नोंद नसते, एवढेच तिचे नवेपण. आणि ही नोंद करणे फार चिकट काम आहे. झिंगा जिवंत असताना त्याचे रंगीत चित्र घ्यायचे, कारण मद्यार्कात ठेवला की दोन दिवसांत रंग उडतो आणि सगळे झिंगे एकजात पांढरे दिसू लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कुंडली मांडायची. डोक्यापुढे करवतीसारखा जो काटा असतो, त्याला वरच्या अंगाला दात किती, खालच्या अंगाला किती? दुसऱ्या पायाची नांगी मनगटापेक्षा लांब की आखूड? शेपटीच्या टोकाला काटे किती जोड्या? प्रत्येक पायाचे निराळे चित्र काढायचे. अलीकडे त्याच्या पेशीतले आनुवंशिक द्रव्यही तपासतात. आणि हे झाले की खरे काम सुरू होते. आजवर जगात त्याच्या भावकीतले जेवढे झिंगे कोणी वर्णन केले असतील, ते सगळे कागद काढून हा त्यांपैकी कोणीही नाही असे सिद्ध करायचे. मुलगी पाहताना सात पिढ्यांचे गोत्र काढणारी आपली माणसे या कामात खरे तर पटाईत ठरावीत!

एक उदाहरण घ्या. लक्षद्वीपमध्ये अगत्ती नावाचे बेट आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपच्या खडकांतून एक झिंगा काढला. काचेसारखा पारदर्शक, अंगावर तांबड्या-पांढऱ्या खुणा. त्याच्यासारखाच दिसणारा एक झिंगा १९६७ सालीच नोंदलेला होता, आणि त्याला 'अँटन ब्रून' या संशोधन-जहाजाचे नाव दिलेले होते. (हे जहाज म्हणजे आधी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांची विहारनौका. सत्ता गेल्यावर झिंगे गोळा करण्याची पाळी आली, तरी नाव मात्र झिंग्यामुळे राहिले.) दोन्ही झिंगे ताडून पाहिले, बाकीचे भाऊबंद ताडून पाहिले, तेव्हा हा निराळा ठरला. २०२० साली त्याचे बारसे झाले. नाव ठेवले 'युरोकॅरिडेला अरेबियानेन्सिस'; म्हणजे अरबी समुद्रातला. त्याच खडकांतल्या दुसऱ्या एका झिंग्याला अगत्ती बेटाचेच नाव मिळाले आहे.

या बारशाचेही शास्त्र आहे. लिनियस नावाच्या स्वीडिश पंडिताच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांच्या नावांचा हा व्यवहार धरतात. नाव दोन शब्दांचे: पहिला कुळाचा, दुसरा त्या जातीचा. ज्याने आधी छापले त्याचे नाव टिकते. मागाहून कोणी कितीही सुंदर नाव सुचवले तरी उपयोग नाही. स्वतःचे नाव स्वतःच देणे हे असभ्य समजतात. आणि ज्या एका प्राण्यावरून वर्णन केले, तो मूळ नमुना संग्रहालयात कायमचा जपून ठेवायचा. पुढे वाद पडला तर साक्ष त्याची. बाकी मोकळीक पुष्कळ. पनामाच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाबी नांगीचा एक बार काढणारा झिंगा सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी २०१७ साली त्याला 'पिंक फ्लॉइड' या इंग्रज वाद्यवृंदाचे नाव दिले. ती मंडळी त्यांच्या आवडीची, आणि 'पिंक' म्हणजे गुलाबी!

"म्हणजे सगळी साहेबांची नावं," भाऊजींनी शेवटी आपला हुकमी पत्ता टाकला. "आमच्या नद्या, आमचे झिंगे, आणि नावं मात्र साहेबांची!"

यावर भाचीने जे सांगितले, ते मलाही नवे होते. कर्नल साइक्स नावाचा एक अधिकारी मुंबई सरकारने १८२४ च्या सुमारास दख्खनची माहिती गोळा करायला नेमला होता. माणूस मोठा चौकस. पाखरे, मासे, धान्ये, पाऊस, सगळ्यांची टिपणे ठेवणारा. दख्खनच्या बिळात राहणाऱ्या खेकड्याची हकीकत त्याने लिहिली, वेस्टवुड नावाच्या दुसऱ्या पंडिताने त्या खेकड्याचे वर्णन केले, आणि १८३६ साली लॅटिन नावाने त्या खेकड्याचे बारसे झाले; अर्थ, बिळे करणारा. पण गंमत पुढेच आहे. १८३९ साली त्याने दख्खनच्या नद्यांतले मासे प्रसिद्ध केले, तेव्हा नावे कुठून घेतली? इथल्या लोकांच्या तोंडून! त्यांनी सांगितलेली नावे त्याने जशी ऐकली तशी उतरवून घेतली, आणि त्यांना लॅटिन कुळाची टोपी घातली. म्हणून आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ 'टोर खुद्री' म्हणतात, 'लेबिओ बोगट' म्हणतात. 'कोलस', 'टाकरी' ही नावे ग्रंथांतून वाचतात. ज्याने जाळे टाकता टाकता साहेबाला ते नाव सांगितले, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण त्याचा शब्द अजून टिकून आहे. आणि २०१४ साली आपल्या सह्याद्रीतल्या खेकड्यांचे एक नवे कुळ ठरवले गेले, तेव्हा त्याला नाव दिले 'घाटिआना'. म्हणजे आपला साधा 'घाट'!

भाऊजी आयुष्यभर मराठी शिकवलेले. 'खुद्री' आणि 'घाट' ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल पडला.

"आणि बाबा, ही वाटी," भाची म्हणाली. "ही तर आपल्या रस्त्याचीच गोष्ट आहे."

ती गोष्ट अशी. माल्कमसन नावाचा एक डॉक्टर मद्रासच्या फौजेत होता. तो नागपूरपासून हैदराबादपर्यंतच्या मुलखात दगड गोळा करीत हिंडला. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्ह्याचे थर पसरले, त्यांचाच हा काळा दगड आणि त्याचीच ही काळी माती. पण लाव्हा काही एका दमात आला नाही. दोन थरांच्या मध्ये कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यात तळी साठत, त्यांत गोगलगायी होत, डबक्यातले जीव होत. मग पुढचा थर येऊन सगळ्यांवर झाकण घाली. पैनगंगा ओलांडून दक्षिणेला गेले की निर्मळचे डोंगर लागतात. तिथल्या अशाच एका दबलेल्या तळ्याच्या दगडातून माल्कमसनने जे वेचले, ते विलायतेला पाठवले. १८४० साली सोवर्बी नावाच्या पंडिताने त्याचे वर्णन छापले. त्यात एक मुगासारखा चिमुकला जीव होता. त्याचे नाव ठेवले 'सायप्रिस सबग्लोबोसा'. म्हणजे साधारण गोलसर. आमच्या आमटीच्या वाटीत जे वल्हवीत चालले होते, त्याचाच तो आदिपुरुष! पुढे नागपूरच्या आसपास हेच काम रेव्हरंड हिस्लॉप यांनी केले, ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे.

"मग हा तोच तर?" भाऊजी आता वाटीवर ओणवे झाले होते.

"तीच तर चूक झाली, बाबा! डबक्यातल्या जिवंत जीवांनाही लोक तेच नाव देत गेले. एक नाही, दोन नाही, दीडशे वर्षं. २००३ साली व्हॉटली, बाजपेयी आणि व्हिटेकर या तिघांनी मूळ नमुन्यांकडे परत जाऊन पाहिलं, तेव्हा कळलं की दगडातला जीव निराळ्या कुळातला आहे, आणि त्याच्या नावावर जगणारे हे भलतेच. नाव नीट ठेवलं नाही, तर एकाच्या खात्यावर दुसऱ्याचे पैसे जमा होतात."

बँकेतल्या स्थळाचा विषय निघालेला असल्यामुळे ही उपमा जरा झोंबली. ताई उठून आत गेली. मी पाहिले, ती पटलेली नव्हती. आईला पटण्यासाठी १८४० सालचा दगड पुरत नाही.

"सगळं खरं," ती परत येऊन म्हणाली. "पण उपयोग काय रे याचा? तिला कोणी विचारलं, तुमची मुलगी काय करते, तर काय सांगू? झिंग्यांना नावं ठेवते?"

आपल्या भाषेची गंमत पाहा. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. एका मात्रेचा फरक! आम्ही सगळे हसलो, पण ताई हसली नाही, आणि भाचीही.

"आई, तिकडे समुद्र तापतो आहे," भाची म्हणाली. "पाणी नेहमीपेक्षा थोडं जरी जास्त दिवस तापून राहिलं, तरी पोवळ्यांच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि ती पांढरी पडतात. त्या शेवाळावरच ती जगतात. लक्षद्वीपला १९९८ साली असं झालं, २०१० साली झालं, २०१६ साली झालं, २०२४ साली पुन्हा झालं. मधे सावरायला वेळ मिळाला तर काही सावरतात. पण वेळ कमी कमी होत चालला आहे. यातले कितीतरी झिंगे एकाच तऱ्हेच्या पोवळ्यात राहतात. ते पोवळं मेलं की झिंगा जाणार कुठे? आणि ज्याला नावच नाही, तो गेला हे तरी कोणाला कळणार? कोणाच्या वहीत लिहिणार?"

खोलीत जरा वेळ कोणीच बोलले नाही. कोपऱ्यात ताईच्या सासूबाई पडल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात. आम्हांला वाटले होते त्यांचा डोळा लागला आहे. एरवी झिंगा म्हटला की त्यांना फक्त आठवडी बाजारातला वास आठवतो आणि पदर नाकाशी जातो. त्या तशाच पडल्या पडल्या बोलल्या.

"मले सहा झाली."

भाऊजी म्हणाले, "पाच, आई. आम्ही पाच भावंडं."

"तू पाच मोजतोस. सगळेच पाच मोजतात. तुझ्या आधीचं एक नवव्या दिवशी गेलं. बारसं व्हायचं होतं. पाळणा आणून ठेवला होता. घरात कोणी त्याचं नाव काढत नाही, कारण नावच नाही नं. मनात आलं तरी त्याला काय म्हणून हाक मारावी, हे मला अजून समजत नाही."

भाऊजींचे वय तेव्हा सत्तरीच्या वर. आपल्याआधी एक भाऊ होता, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळले. ते उठले आणि आईच्या पायांशी जाऊन बसले. त्यानंतर झिंग्याचे बोलणे झाले नाही, आणि स्थळाचेही नाही.

सकाळी मी चहा घेत असता भाऊजी रेल्वेचे वेळापत्रक घेऊन आले. नागपूरहून कोचीला जाणारी गाडी कोणती, आणि तिथून पुढे बोटीला किती वेळ लागतो, हे ते मला विचारू लागले. मला ठाऊक नव्हते. पण विचारणाऱ्याला उत्तराची तेवढीशी गरज नव्हती. स्थळाला मात्र दोन वर्षे थांबता आले नाही. त्या मुलाचे लग्न माघातच झाले, आणि आहेर म्हणून ताईने एक चांगले भांडेही पाठवले. तिच्या मनातून अजून ते स्थळ गेलेले नाही. कधी बोलता बोलता एक सुस्कारा निघतो, आणि तो रास्तच आहे. सगळ्यांचेच सगळे खरे, म्हणून कोणाला दुखलेच नाही असे होत नाही.

भाची गेली. श्रावणात तिचा फोन आला. एक झिंगा त्यांना मिळाला होता. करवतीचे दात कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नव्हते. दोन महिने ती आणि तिच्या मार्गदर्शक बाई जुने कागद चाळीत होत्या. भाऊजींनी इकडे पेढ्यांची तयारीसुद्धा केली होती. आणि मग तो झिंगा सापडला. कलकत्त्याच्या एका जुन्या निबंधात! प्राणिसर्वेक्षणातले स्टॅन्ली केम्प म्हणून एक विद्वान होते. पोवळ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या अशाच चिमुकल्या झिंग्यांवर त्यांनी १९२२ साली एक मोठा निबंध लिहून ठेवला आहे. त्यात आमच्या झिंग्याचे वर्णन, चित्र, दात, सगळे होते.

"म्हणजे फुकट गेले नं दोन महिने?" मी विचारले.

"फुकट कसे मामाजी? इतक्या वर्षांत या बाजूला तो कोणी पाहिला नव्हता. आता तो इथेही आहे, हे लिहून झालं. आणि दात कमी-जास्त होऊ शकतात, हेही कळलं. घाईने नवं नाव दिलं असतं, तर पुढच्यांना निस्तरत बसावं लागलं असतं."

वीस-बावीस वर्षांच्या मुलीने अपयशाबद्दल इतक्या आनंदाने बोलावे, याचे मला नवल वाटले. आपण परीक्षेत पहिला नंबर काढायला शिकवतो. आपल्याआधी कोणीतरी पहिला येऊन गेला आहे हे शोधून काढण्यातही समाधान असते, हे कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे!

ही बातमी आजींना सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्याचं नाव आधीच ठेवलेलं होतं नं?" होते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि जपमाळ पुढे सरकवली.

यंदाच्या भाऊबीजेला भाची घरी नाही. हंगाम कामाचा आहे, येता येणार नाही, असे तिने कळवले आहे. ताईने मला मात्र निक्षून बोलावले आहे, आणि येताना मुंबईहून एक चांगलेसे भिंग घेऊन ये, असा निरोप आहे. भिंग कोणाला हवे, म्हणून मी विचारले.

"ह्यांना," ताई म्हणाली. "आता हे डबकी ढवळून राहिले! माझ्या आमटीच्या दोन वाट्या गेल्या त्यात."